सपाट जमिनीवर

३ फेब्रुवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरांनी कान बघितले, डोळ्यांपुढे बोट नाचवलं, खुर्चीत बसवून गरगर फिरवलं आणि म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मी म्हटलं, मग जमीन का हलते? ते म्हणाले, जमीनही ठीक असावी. चिठ्ठी लिहून फिजिओकडे धाडलं.

फिजिओ म्हणजे माझ्या हाताखालून गेली असेल अशा वयाची मुलगी. तिनं ही वही घालायला सांगितली. तोल गेला की लिहायचं: वेळ, जागा, काय खाल्लं होतं, पायात काय होतं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं. शेवटचा रकाना मला पटलेला नाही. पडणाऱ्याच्या मनात काय असणार? पडू नये, एवढंच.

आजचं लिहिते. सकाळी सव्वासात, शाळेचं मैदान. मी चौथऱ्यावर, समोर पावणेतीनशे मुलं. 'सावधान' म्हटलं. पावणेतीनशे मुलं ताठ झाली आणि मी डावीकडे कलले. माइकची दांडी हाताला लागली म्हणून बरं. पहिल्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. अठ्ठावीस वर्षं कवायत शिकवतेय, मुलं मला कवायतबाईच म्हणतात, आणि चौथऱ्यावर मला उभं राहता येत नाही.

फिजिओनं विचारलं होतं, गेल्या महिन्याभरात काही वेगळं घडलं का? आठवून लिहिते. बूट बदलले. बाबा ताईकडून माझ्याकडे राहायला आले. शाळेत एक मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या बीमवरून पडली, मनगट मोडलं. मी शेजारीच होते, पण असे अपघात होतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बूटच असणार. टाच एका बाजूनं झिजली होती. जुने काढून नवे घेतले.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. हेडमिस्ट्रेस झाल्यापासून त्या हळू बोलतात, म्हणजे समोरच्याला पुढे वाकावं लागतं. चौकशी समिती अठ्ठावीस तारखेला बसणार आहे. मी लेखी दिलंय तेवढंच तोंडी सांगायचं, जास्त नाही. मी दिलंय ते असं: मी तीन फुटांवर उभी होते. खाली गाद्या होत्या. मुलगी सूचना न ऐकता बीमवर चढली. मजकूर त्यांनीच सुचवला, सही माझी. शब्द थोडे इकडचे तिकडे असतील, बाकी ठीक आहे.

त्यांच्या खोलीतून उतरताना शेवटची पायरी चुकली. दुपारी पावणेतीन. पोळी-भाजी खाल्ली होती. पायात नवे बूट.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा सत्याऐंशीचे आहेत. पन्नास वर्षं गवंडीकाम केलं. आता काठी घेऊन खिडकीशी बसतात आणि समोरची इमारत नुसती न्याहाळत राहतात. आज मी भांडी घासत होते, तर मागून म्हणाले, "धाकटे, तू ओळंब्यात नाहीस."

मी म्हटलं, बाबा, मी भिंत नाही. ते म्हणाले, भिंत असतीस तर पाडून पुन्हा बांधली असती. उजवा खांदा वर, डावा खाली, मान पुढे, आणि श्वास घेतेस की नाही कुणास ठाऊक.

ताईचा फोन आला. बाबांचं पुढचं काय ठरलं, सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे असं करायचं का, वगैरे. मी म्हटलं, सध्या राहू देत इथेच. महिन्यापूर्वी याच गोष्टीवरून आमचं भांडण झालं होतं. आज तिनं वाद न घालता विचारलं, "तुझ्या शाळेतलं ते प्रकरण मिटलं का?" मी म्हटलं, मिटल्यातच जमा. फोन ठेवल्यावर भिंतीला धरून उभी राहिले. हे तोल जाण्यात धरायचं का, माहीत नाही. धरलं तर सकाळी साडेदहा, अनवाणी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओकडे एक चौकोनी पाट आहे. त्यावर उभं राहिलं की आपण किती डुलतोय त्याची रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. मला वाटलं होतं, आपण खांबासारखे उभे असतो. तसं नसतंच म्हणे. चांगला धडधाकट माणूससुद्धा सतत थोडा थोडा हलतो आणि सावरतो, त्याला कळत नाही एवढंच.

डोळे मिटून उभी राहिले. रेघ वेडीवाकडी. मग ती म्हणाली, शंभरातून सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. कधी नव्हे ते बरोबर केलं. पडद्यावर बघितलं तर रेघ आटोक्यात. मी खूश. मग ती म्हणाली, आता तुमच्या शाळेतला दिवस कसा असतो ते सांगा. मी सांगायला लागले आणि खेळाच्या हॉलपर्यंत पोचले तर तिनं मला दंडाला धरलं. पडद्यावर कोंबडीनं पाय ओढावेत तसं झालं होतं.

ती म्हणाली, "तुम्ही उंच कड्याच्या टोकावर उभं असल्यासारख्या उभ्या राहता. घोटे आवळलेले, गुडघे ताठ, खांदे वर. माणूस घाबरला की ताठतो. ताठला की सावरता येत नाही. मग तो सपाट जमिनीवरही पडतो."

मी म्हटलं, मी घाबरट नाही. मी बाराव्या वर्षी पाण्याच्या टाकीवर चढले होते. ती म्हणाली, बारा वर्षांच्या बाईंबद्दल नाही बोलत मी.

कार्टी हुशार आहे. पण चुकतेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खारुताई शाळेत आली. हेच ते पडलेलं पोर. अकरा वर्षांची, सहावीतली. खारुताई हे नाव मीच ठेवलेलं, कारण कुंपण, झाड, कठडा, जे दिसेल त्यावर ती चढलेली असायची. अशी मुलगी मला अठ्ठावीस वर्षांत दोनदा मिळाली. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला मी तिलाच नेणार होते.

उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. वर्षभर खेळ बंद, असं पत्र शाळेनं घरी दिलंय, तेव्हा ती बाकावर बसून होती. तास संपल्यावर वर्गाकडे निघाली, तर डाव्या हातानं भिंत चाचपत. पायांना काही झालेलं नाही तिच्या. मी म्हटलं, "सरळ चाल." ती म्हणाली, "हो, बाई." आणि भिंतीला धरूनच गेली.

मी मैदानाच्या मध्यावर अडखळले. खाली खडासुद्धा नव्हता. अकरा वाजून दहा.

तीन फुटांवर म्हणजे अगदी तीन असं नाही. मी दाराशी होते. दारातून सगळा हॉल दिसतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गादी बदलली, उशी काढून टाकली. मान दुखते, तोल तसाच. आज चौथऱ्यावर चढलेच नाही. खाली उभं राहून हुकूम दिले. मागच्या मुलांना ऐकू येत नाही असं वर्गशिक्षक म्हणाले. मी म्हटलं, घसा बसलाय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी साडेपाचला बाबांचे शर्ट घेऊन लाँड्रीत गेले. नेहमीची बंद होती म्हणून दोन गल्ल्या पलीकडे. आत इस्त्री करणारी बाई मान वर करून बघते तो खारुताईची आई. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर गेले नसते.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि माझी माफी मागितली.

हे मला नीट लिहून ठेवायचंय. ती म्हणाली, पोरगी पहिल्यापासून हट्टी आहे, तुमच्यासारख्या बाईंना तिच्यापायी चौकशीला तोंड द्यावं लागतंय, मला लाज वाटते. "मला म्हणते, बाईंनीच चढ म्हटलं होतं. मी म्हटलं, बाईंनी लिहून दिलंय, बाई खोटं कशाला लिहितील? तरी तेच. मग दिल्या दोन ठेवून. चुकून नाही, चांगल्या दिल्या."

मी म्हटलं, असू दे.

एवढंच बोलले. शर्ट ठेवले, वळले आणि दारात तोल गेला. तिनंच स्टूल दिलं, पाणी दिलं. शर्टांची घाई नाही म्हटलं तरी म्हणाली, उद्या देते, तुमचं काम आधी.

एक मिनिट. मी फार तर एक मिनिट व्हरांड्यात गेले होते. दोन धरू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वही कुणी वाचत नाही. फिजिओसुद्धा फक्त वेळा मागते. तेव्हा लिहिते.

तो मधल्या सुट्टीतला जादा सराव होता. तीन मुली यायच्या, त्या दिवशी खारुताई एकटीच आली. गाद्या दमट झाल्या म्हणून मी सकाळीच मागे उन्हात टाकायला लावल्या होत्या, त्या आणायच्या राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला, ताईचा. मी तिला म्हटलं, "चढ तू, मी आलेच," आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेले. ताई म्हणत होती, बाबांना तू ने, मला झेपत नाही. मी म्हणत होते, मी दिवसभर शाळेत असते, मला तरी कुठे झेपतं. चार मिनिटं बोललो असू. मग आतून आवाज आला.

लिहून झालं. आता बरं वाटायला हवं होतं. उठून पाणी प्यायला गेले तर दाराची चौकट खांद्याला लागली.

हे पान फाडणार होते. मागच्या बाजूला एकोणीस तारखेचं आहे म्हणून राहू दिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पडले. व्यवस्थित पडले. मधल्या सुट्टीत, जिन्याच्या वरच्या वळणावर, दोन पायऱ्या. गुडघा फुटला. कठडा हाती लागला आणि त्यालाच लोंबकळून बसले.

वर बघितलं तर चार पायऱ्यांवर खारुताई. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं तोच कठडा गच्च धरलेला, बोटं पांढरी. तिला मला उठवायचं होतं, ते दिसत होतं. पण कठडा सोडवेना. मलाही सोडवेना. आम्ही दोघी एकाच कठड्याला धरून एकमेकींकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, "बाई, तुम्हालाही होतं?"

मी म्हटलं, हो.

"मला घरी कमी होतं. शाळेत जास्त." मग खाली बघत, "बाई, तुम्ही मला चढ म्हणाला होतात का? की मला नुसतं तसं वाटलं? मला आता आठवतच नाही नीट."

घंटा झाली. मी म्हटलं, "वर्गात जा."

वर्गात जा. हेच म्हटलं मी. अकरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवता येईना, आणि मी तिला वर्गात पाठवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मला लेखी दिलेलं बदलायचंय. त्यांनी दार लावलं. त्या वाईट नाहीत हे लिहायला हवं. मला बसायला स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाल्या, शाळेचं नाव जाईल, तुमची चार वर्षं राहिलीत नोकरीची, पोरीचा हात काय, सहा आठवड्यांत जुळतो. तुम्ही तशाही आजारी आहात. रजा घ्या, अठ्ठावीसला येऊच नका, कागद आहे तो पुरे आहे.

रजेचा अर्ज भरून दिला. बाहेर आल्यावर वाटलं, सुटले. फाटकापर्यंत चालत गेले आणि फाटकाला मिठी मारावी तशी उभी राहिले. रिक्षावाल्यानं विचारलं, दवाखान्यात नेऊ का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजा असल्यामुळे घरी. बाबांना दुपारचा चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मी चार मिनिटं म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"अकरा," ते म्हणाले.

मी म्हटलं, काय?

"अकरा मिनिटं. ताई माझ्यासमोरच बसून बोलत होती. समोर घड्याळ होतं. दोन लेकी आपल्यावरून भांडत असल्या की म्हातारा दुसरं कुठे बघणार? बाराला पाच कमी असताना फोन लावला. बारा वाजून सहा मिनिटांनी फोनातून किंकाळी आली, मलासुद्धा ऐकू आली. ताईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तू मला न्यायला आलीस. कोण पडलं, तेव्हा तू कुठे होतीस, ते आम्ही दोघांनी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस."

ते पुढे म्हणाले, "त्या पोरीच्या हाताला मीही कारण झालो. रोज वाटतं. म्हणून तर तुझ्याकडे गप्प बसून असतो. ताईकडे मी असा असतो का?"

तसे ते नसतात. ताईकडे त्यांच्या बडबडीनं सगळे वैतागतात. गेल्या दीड महिन्यात मला वाटत होतं, बाबा थकलेत.

मी विचारलं, काय करू? मला वाटलं, काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "मला काय विचारतेस? मी एकदा चुकीचा पाया घातला होता आणि वर तीन मजले चढवले होते. भीतीनं. कुणाला सांगितलं नाही. ती इमारत अजून उभी आहे. रोज पेपर उघडताना आधी तिचं नाव शोधतो."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. रजेवर असून आले म्हणून मोठ्या बाईंनी बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं.

समितीचे तिघं, मोठ्या बाई, आणि खारुताईची आई, कामाच्याच कपड्यांत, खुर्चीच्या कडेवर बसलेली. ताठ मानेनं बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. टेबलाला दोन्ही हातांनी धरून बोलले, आणि तरी हलत होते. गाद्या नव्हत्या. मी 'चढ' म्हटलं होतं. मी अकरा मिनिटं फोनवर होते. लेखी दिलं ते खोटं आहे. एकानं विचारलं, मग आधी तसं का लिहिलंत? मोठ्या बाईंचं नाव ओठांवर आलं होतं. म्हटलं, सही माझी आहे. नंतर वाटलं, हेही अर्धंच सांगितलं. तेवढ्यात मोठ्या बाई स्वतःच म्हणाल्या, इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं, "मजकूर मी सांगितला होता."

खारुताईची आई माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे मी तिला उगाच मारलं."

ती उठली आणि निघून गेली. इस्त्रीचं काम टाकून आली असणार.

माझ्या हातात निकाल होईपर्यंत निलंबनाचं पत्र दिलं. मोठ्या बाईंनाही दिलं असावं. पोरीची खेळबंदी उठवली.

४ मार्च, मंगळवार

फिजिओ. मी पाटावर चढण्याआधीच सांगितलं, आता सगळं बोलून टाकलंय, रेघ सुतासारखी येईल. नाही आली. पूर्वीपेक्षा बरी, पण डगमगतीच. मी चिडले. ती म्हणाली, "अंगानं दीड महिना भीती घोटलीय. तुम्ही मुलांना एक कवायत किती दिवस घोटवता?" मी म्हटलं, महिना-दोन महिने. "मग विसरायलाही तेवढे लागतील. गुडघे सैल सोडा."

बाबा बोलायला लागलेत. सकाळपासून समोरच्या गॅलरीबद्दल चाललंय.

८ मार्च, शनिवार

समितीला सांगितलं, बाबांना सांगितलं, वहीला सांगितलं. जिनं विचारलं होतं तिला सांगायचं राहिलंच होतं. सकाळी दहाला लाँड्रीत गेले.

आईनं मला आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. इस्त्री चालू ठेवली. खारुताई मागे डाव्या हातानं मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी तिच्यासमोर खाली बसले, म्हणजे पडायची भीती नाही. म्हटलं, "मी तुला चढ म्हणाले होते. तुला नीट आठवत होतं. मी खोटं लिहिलं."

तिनं हातातली जोडी पुरी केली. मग म्हणाली, "मी तुम्हाला हाक मारली होती."

मी मान हलवली.

"तुम्ही बोट वर केलंत. एक मिनिट, असं."

हे मी समितीला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. या वहीतही लिहिलं नव्हतं. व्हरांड्यातून दार दिसत होतं, दारातून ती दिसत होती. पाय थरथरत होते तिचे. मला दिसले होते. मी बोट वर केलं आणि ताईला म्हटलं, तू माझं आधी ऐकून घे.

मी म्हटलं, "हो. केलं होतं."

"मग मी मोजायला लागले," ती म्हणाली. "साठपर्यंत मोजलं. परत साठपर्यंत. तुम्ही 'उतर' म्हटलं नव्हतंत ना. सात वेळा झालं. आठव्यांदा एक्केचाळीसला पडले."

इस्त्री थांबली होती. कापड जळल्याचा वास आला, आईनं झटकन ती उचलली. कुणाचा तरी पांढरा सदरा होता. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाली, "बाईंना कोपऱ्यापर्यंत सोडून ये. पडतील कुठेतरी."

आम्ही निघालो. ती भिंतीच्या बाजूनं, डाव्या हातानं भिंत धरून. मी बाहेरच्या बाजूनं, धरायला काही नाही. दुकानांची भिंत संपते तिथे एक बोळ फुटतो, आठ-दहा पावलांची मोकळी जागा. पलीकडे पुन्हा भिंत. तिथे ती थांबली. मीही थांबले. गाडीघोडं काही नव्हतं. नुसती सपाट फरशी.

"बाई, तुम्ही आधी जा," ती म्हणाली. "मी बघते."

मी गेले. तिसऱ्या पावलाला डावीकडे झोक गेला, गुडघे सैल सोडले, सावरले. पाचव्याला परत. पलीकडे पोचून वळले. तिनं नजर काढली नव्हती. एवढा वेळ पापणीही लवली नसेल.

मी म्हटलं, "आता तू. मी बघतेय."

ती लगेच निघाली नाही. खिशात फोन वाजला, ताईचा असणार. वाजू दिला. मी उभी राहिले.